पिनबॉल यंत्रातील दोषशोधन : एका दिव्याची साक्ष

रिलेंवर चालणाऱ्या जुन्या पिनबॉल यंत्रांतील बिघाड बहुधा डोळ्यांस दिसे. १९७७ मध्ये अमेरिकेतील बॅली कंपनीने मोटोरोला ६८०० मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रे बाजारात आणली आणि दोष दृष्टिआड झाला. त्याचा माग लागावा म्हणून मुख्य फलकावर एक लहान दिवा योजिला गेला. यंत्र सुरू होताच फलक आपले भाग क्रमाने तपासतो व प्रत्येक टप्प्यानंतर दिवा लुकलुकतो. सात वेळा लुकलुकल्यास तपासणी पूर्ण झाली असे समजावे. सहावरच थांबल्यास सोलेनॉइडांचा ४३ व्होल्टांचा पुरवठा प्रथम पाहावा.

तथापि दिवा दोषाचे स्थान सुचवितो, कारण नव्हे. दिवा अखंड जळत राहिला, तर तपासणी सुरूच झालेली नसते. अशा वेळी मायक्रोप्रोसेसरवर संशय घेण्याची घाई करू नये. उच्चांक टिकावेत म्हणून फलकावर बसविलेली ३.६ व्होल्टांची निकेल-कॅडमियम बॅटरी कालांतराने गळते आणि तिचा क्षारीय द्राव शेजारच्या रीसेट मंडलातील तांब्याच्या रेषा पोखरतो. म्हणून बॅटरी काढून, सौम्य आम्लाने क्षाराचे उदासिनीकरण करून व फलक धुऊन मगच पुढील तपास करावा. स्मृतिरक्षणासाठी योजिलेले साधनच येथे नाशास कारण झाले. हा पूर्वेतिहास ध्यानी न घेता केलेली दुरुस्ती टिकत नाही.