हिमाच्या पोटातला अंदाज

डोंगरातला हवामानाचा अंदाज म्हणजे हिम किती पडणार याची बातमी, असा आपला समज असतो. स्कीवर उतरणाऱ्याला ती बातमी हवीच असते. पण त्याच्या जिवाचा प्रश्न बहुधा आकाशात नसतो, आधी पडून गेलेल्या हिमाच्या पोटात असतो. हे ज्ञान कसे आले याचा माग काढताना मला जाणवले, की त्याची पायाभरणी करणारे बहुतेक वनाधिकारी, खनिजशास्त्रज्ञ, अभियंते आणि सैनिक होते. खेळ मागाहून त्या अंदाजाचा मुख्य गिऱ्हाईक झाला.

स्वित्झर्लंडचे पहिले संघीय वनाधिकारी योहान कोआझ यांनी १८८१ मध्ये स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना काळजी होती ती जंगलांची, गावांची आणि रस्त्यांची. मार्च १८९४ मध्ये आर्थर कॉनन डॉयल स्थानिक ब्रांगर बंधूंबरोबर डाव्होसहून खिंड ओलांडून स्कीवर आरोसाला गेले. पुढे शेकडो इंग्रज खास स्कीसाठी इथे येतील, असे भाकीत त्यांनी केले आणि ते खरे ठरले. पण कोणता उतार आज जाण्याजोगा आहे, हे सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते. वाटाड्याची नजर होती.

ती नजर पुरेशी नाही हे पहिल्या महायुद्धाने दाखवले. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावर एकाच हिमस्खलनात ऑस्ट्रियन छावणीतले सुमारे २७० सैनिक गाडले गेले.

१९३१ मध्ये स्वित्झर्लंडने हिम आणि हिमस्खलन संशोधनाचे मंडळ नेमले. १९३६ मध्ये डाव्होसच्या वर वाइसफ्लुयोख येथे संशोधकांनी कामाला सुरुवात केली. डोंगरावर जाणारी केबल-रेल्वे स्कीवाल्यांसाठी नुकतीच झाली होती. तिचा लाभ शास्त्राला झाला. हेन्री बाडर, रोबेर्ट हेफेली आणि त्यांचे सहकारी हिमात खड्डे खणून थर वाचू लागले. १९३९ मध्ये त्यांचा हिमाच्या रूपांतरावरचा ग्रंथ आला.

त्यांना जे दिसले ते असे. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाजवळ असते, वरचे फार थंड. या फरकामुळे वाफ खालून वर सरकते आणि मधल्या थरात पैलूदार, सुटे स्फटिक वाढतात. ते एकमेकांना धरत नाहीत. जमिनीवर ज्वारी पसरून वर फळी ठेवावी, तशी त्यावर नव्या हिमाची घट्ट लादी बसते. वाऱ्याने वाहून आणलेले हिम ती लादी आणखी जड करते. उतार तीस अंशांहून तीव्र असला, तर एका माणसाचे वजनही पुरते.

महायुद्धकाळात सैन्याने चालवलेली इशारा-सेवा १९४५ मध्ये या संस्थेकडे आली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ जण हिमस्खलनांत गेले, तेव्हा बळी प्रामुख्याने घराघरांतले होते. पुढे उतारांवर पोलादी अडसर आले, धोक्याच्या जागांचे नकाशे झाले. आता तिथे मरतात ते मुख्यतः मोकळ्या उतारांवर गेलेले स्कीवाले आणि गिर्यारोहक. आणि बहुतेक वेळा त्यांच्यावर कोसळणारा लोट त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो.

१९९३ मध्ये युरोपने धोक्याच्या पाच पातळ्या ठरवल्या. स्वित्झर्लंडमधले सुमारे निम्मे मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात, पाचव्या नव्हे. पाचव्या पातळीला माणूस घरी बसतो. तिसऱ्या पातळीला आभाळ निळे असते, हिम ताजे असते आणि आकडा मधला वाटतो. मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच वाटते: शास्त्राने हिमाचे पोट वाचले, पण वाचलेले ऐकणारा माणूस त्या अंदाजाबाहेरच राहिला.

आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीत हिम व हिमस्खलन अभ्यासाची संस्था सुरू झाली, तीही सैन्याच्या गरजेतूनच. आज गुलमर्गचा गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत नेतो आणि मराठी पर्यटकही त्या रांगेत असतात. वर पोचणे सोपे झाले आहे. धोक्याची पातळी विचारून मग उतरायचे की नाही ते ठरवण्याची सवय मात्र प्रत्येकाला स्वतःच लावून घ्यावी लागते.