चित्रपट 'साधन' म्हणून वाचताना : 'रॉकी' ते 'क्रीड'

पीएच.डी.च्या मुलाखतीत 'चित्रपट हे इतिहासाचं साधन होऊ शकतं का?' असं विचारलं, तर नुसतं 'हो' म्हणून थांबू नका. कशाचं साधन, तेही सांगा. एक उदाहरण घेऊ.

मार्च १९७५ मध्ये चक वेपनर हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला गोरा बॉक्सर मुहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. त्यावरून सिल्व्हेस्टर स्टॅलोनला 'रॉकी'ची (१९७६) कथा सुचली. त्यातला रॉकी फिलाडेल्फियात राहतो, टांगलेल्या मांसावर ठोसे मारतो, आर्ट म्युझियमच्या पायऱ्या धावत चढतो.

आता त्याच शहरातला खरा हेवीवेट विजेता बघा. १९७१ मध्ये अलीला हरवणारा कृष्णवर्णीय जो फ्रेझर तरुणपणी कत्तलखान्यात काम करायचा. ते मांस आणि त्या पायऱ्या आपल्याच सरावातल्या, असं तो सांगे. पहिल्या 'रॉकी'त तो क्षणभर दिसतोही. पण काल्पनिक रॉकीचा पुतळा शहरात १९८०च्या दशकातच आला. फ्रेझरचा उभा राहिला २०१५ मध्ये, तो वारल्यावर चार वर्षांनी.

त्याच वर्षी 'क्रीड' आला. रॉकीचा प्रतिस्पर्धी अपोलो क्रीड चौथ्या चित्रपटात (१९८५) रिंगमध्येच मरतो. तरी २००६ पर्यंतचे सहाही चित्रपट रॉकीचेच राहिले. कृष्णवर्णीय दिग्दर्शक रायन कूगलर वेगळं विचारतो : अपोलोच्या मागे कोण उरलं? म्हणून इथे नायक आहे अपोलोचा मुलगा अडोनिस. बाप गेल्यावर जन्मलेला हा मुलगा जुन्या लढतीचं चित्रण भिंतीवर लावतो आणि त्यासमोर उभा राहून ठोसे मारतो. चित्रण तेच, बघणारा बदलला. दप्तरखान्यात आपणही हेच करतो ना?

पण सावध राहा. 'क्रीड'वरून १९७६ बद्दल पुरावा मिळत नाही. २०१५ मध्ये कोणते प्रश्न विचारावेसे वाटत होते, हे त्यावरून कळतं. शिवाय हा चित्रपटही संपतो त्याच पायऱ्यांवर, आणि तिथे उभा असतो रॉकी. फ्रेझर अजूनही बाहेरच.

म्हणजे मालिकेतले सगळे चित्रपट पाहूनही फ्रेझर सापडला नसता. त्यासाठी मुलाखती, पुतळे, शहराच्या नोंदी बघाव्या लागतात. तुमच्या विषयाचं मुख्य साधन आज असंच तपासा : त्यात कोण क्षणभरच दिसतं, आणि त्याचा माग दुसरीकडे कुठे लागेल? दोन ओळी लिहून काढा. संशोधन आराखड्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते.