पाणचक्कीवर दळण

बाजूला व्हा, मागून गोण्या लादलेले बैल येताहेत! हे अठराव्या शतकातलं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. वैशाखातली दुपार आहे आणि महमूद दरवाजाजवळच्या फुफाट्यात तुमचे तळपाय चांगलेच पोळताहेत. उंटांचा उग्र दर्प, भिजलेल्या पखालींचा वास, घाम, शेण. धक्के खात पुढे सरका. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात शिरलात की पाणी आधी ऐकू येईल, मग दिसेल.

उंचावरून ते हौदात कोसळतंय. तुषार तोंडावर घ्या, लाजू नका, सगळेच घेतात. हे आलंय हर्सूलकडून, डोंगराच्या बाजूनं, जमिनीखालच्या खापरी नळांतून. दोनेक कोस, आपल्या हिशेबानं सुमारे ६ किलोमीटर. बंद नळात कोंडलेलं पाणी स्वतःच्याच दाबानं त्या बांधीव मनोऱ्यात वर चढतं. ना मोट, ना रहाट.

आता वाकून चक्कीच्या खोलीत या. फरशी थरथरतेय ना? खाली अंधारात पाण्याचा झोत चाकाच्या पात्यांवर आदळतोय आणि चाकाचा आस वरच्या पाळूला गरगर फिरवतोय. पहाटे जात्यावर बसून जिचे खांदे भरून येतात, त्या बाईला इथं आणून उभं करा. खुंट्याला कुणाचा हात नाही, गळ्यात ओवी नाही, तरी दगड फिरतोय आणि पीठ सांडतंय! बिबी-का-मकबऱ्याच्या घुमटापेक्षा मला हे नवल मोठं वाटतं.

वैरण घालणाऱ्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. तो बोलत नाही, ओरडतोच. घरघरीत दुसरं काही ऐकूच येत नाही. मूठभर पीठ हातात घ्या. गरम आहे! नाकाजवळ न्या, भाजल्या धान्यासारखा गोडसर वास येईल. शिंक आली तर मात्र तोंड फिरवा. हे पीठ फकिरांच्या, यात्रेकरूंच्या आणि फौजेतल्या शिपायांच्या रोट्यांचं आहे.

ऊन सोसवेना? मग हौदाखाली उतरा. हो, खालीच! हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. डोक्यावर एवढं पाणी असल्यावर उन्हाळा आत येतो कशाला? खांबाला पाठ टेका, सदरा गार पडेल. वाटसरू पथाऱ्या टाकून लवंडलेत, कुणी बुखाऱ्याकडच्या वाटा सांगतोय, कुणी मुलाला थोपटतोय. थोडं सरकवून जागा करून घ्या. रोट्या भाजल्याचा वास आला की मात्र चटकन उठा, रांग लांब लागते.