अणुइंधन कचरा व्यवस्थापन, जर्मनीतील
जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या. वापरलेले इंधन व पुनर्प्रक्रियेतून उरलेला, काचेत गोठवलेला उच्चस्तरीय किरणोत्सारी कचरा मात्र कायम आहे. तो जाड भिंतींच्या ‘कॅस्टर’ पात्रांत, बहुतांशी अणुकेंद्रांच्याच आवारातील तात्पुरत्या कोठारांत आहे. कोठारांचे परवाने ४० वर्षांचे. गोर्लेबेन गावाजवळील कोठाराचा परवाना २०३४ मध्ये संपेल. गोर्लेबेनचाच भूगर्भातील मिठाचा घुमट १९७७ मध्ये कायमच्या साठ्यासाठी निवडला होता. स्थानिकांनी दीर्घकाळ विरोध केला, अखेर २०२० मध्ये भूवैज्ञानिक निकषांवर तो वगळला गेला. आता मीठ, चिकणमाती किंवा स्फटिकी खडकांत १० लाख वर्षे सुरक्षित राहील अशी जागा शोधली जात आहे. वीजकंपन्यांनी २०१७ मध्ये सुमारे २४ अब्ज यूरो सरकारी निधीत भरले आणि साठवणुकीच्या आर्थिक जबाबदारीतून त्या मोकळ्या झाल्या. वाढीव खर्च करदात्यांवर टाकणारी ही तडजोड अन्यायकारकच होय.