गांवाचें स्वातंत्र्य आणि गांवकऱ्याचें स्वातंत्र्य

महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून वळसे घेत खालीं उतरते आणि महाडापाशीं तिला गांधारी येऊन मिळते. नदीचा जो मार्ग तोच फार काळ माणसांचा व मालाचाहि मार्ग होता. घाटावरचा तांडा पोलादपुरावरून महाडच्या पेठेंत उतरे, आणि खाडीनें आलेला माल त्याच वाटेनें वर चढे. पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतील माणसाला मीठ-मिरची घ्यावयाची असो, की कोर्टांतली तारीख गांठावयाची असो, महाडावांचून त्याला गति नव्हती. अशा गांवांत पाणी कोणाचें, हा प्रश्न मग एकट्या महाडकरांचा राहत नाहीं. चवदार तळ्याची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, परंतु ती बहुधा समतेच्या लढ्याची हकीकत म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. तथापि स्थानिक स्वराज्य म्हणजे नेमकें कोणाचें राज्य, याचाहि तींत जो धडधडीत उलगडा होतो, त्याकडे लक्ष कमी जातें.

लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८ मे १८८२ रोजीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. दिवाबत्ती, रस्ते, पाणी, शाळा, हीं कामें गांवच्याच निवडलेल्या मंडळींनीं पाहावीं, चुका झाल्या तरी त्यांतूनच लोक राज्यकारभार शिकतील, अशी त्यामागची भूमिका होती. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या वर्गाला ती पटली. मिल्ल आणि स्पेन्सर हे त्या पिढीचे आवडते ग्रंथकार होते, आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं इंग्लंडांतील व हिंदुस्थानांतील स्थानिक राज्यकारभारावर स्वतंत्र निबंधच लिहिला. सत्ता जितकी दूरची तितकी ती अडाणी व जुलमी, आणि जितकी जवळची तितकी ती समजूतदार, हा समज तेव्हांपासून रूढ झाला. व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी आजहि तो पुष्कळदां उच्चारतात. गंमत अशी कीं, ज्या मिल्लच्या आधारें हें बोललें जाई, त्यानेंच १८५९ मध्यें स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत बजावून ठेवलें होतें कीं, अधिकाऱ्याच्या जुलुमापेक्षां समाजाचा जुलूम अधिक खोल जातो, कारण त्याला चुकवून जाण्यास जागाच उरत नाहीं. हें पान आपल्याकडे जरा घाईनेंच उलटलें गेलें असावें.

महाड तालुक्यानें या समजाची परीक्षा लवकरच घेतली. महाडजवळच्या रावदूळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून निवृत्त झालेले गृहस्थ. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यांनीं १८८८ मध्यें ‘विटाळ विध्वंसक’ हें पुस्तक लिहिलें. १८९५ मध्यें सरकारनें त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली, आणि स्पृश्य सभासदांत अस्वस्थता पसरली. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. वलंगकर निवडून आले नव्हते, ते नेमलेले होते. मताचा अधिकार त्या काळीं मालमत्तेशीं व कराशीं बांधलेला होता, आणि ज्याला जमीन नाहीं, घरपट्टी नाहीं, त्याला निवडणुकीच्या दारानें आंत येणें जवळजवळ अशक्यच होतें. म्हणजे जवळच्या स्वराज्यांत त्याला बसावयास जी खुर्ची मिळाली, ती दूरच्या सरकारच्या लेखणीनें मिळाली.

पुढची पायरी मुंबईच्या कायदे कौन्सिलांत पडली. सीताराम केशव बोले यांनीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं ठराव मांडला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या, अथवा सरकारनें वा कायद्यानें निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यांतील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यवर्गाला खुले असावे. ठराव पास झाला, सरकारनें आपल्या खात्यांना त्याप्रमाणें वागण्यास सांगितलें, आणि महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव केला. येथवर सारें कागदावर उत्तम होतें. इतर बऱ्याच म्युनिसिपालिट्यांनीं व बोर्डांनीं तेवढेंहि केलें नाहीं. म्हणून १९२६ च्या ऑगस्टांत बोले यांनीं दुसरा ठराव आणला कीं, जीं स्थानिक मंडळें हें मानणार नाहींत त्यांचें सरकारी अनुदान थांबवावें. स्थानिक स्वातंत्र्याच्या कट्टर पुरस्कर्त्याला हा ठराव खटकेल, कारण पैशाची दोरी आवळून वरचें सरकार खालच्या मंडळाला वांकवितें, असें त्याला दिसेल. परंतु अनुदान ज्या तिजोरींतून जातें, ती भरण्यास त्या अस्पृश्यानेंहि हातभार लावलेला असतो. स्वतःच्या पैशानें स्वतःलाच बंदी करणारी संस्था पोसावी, असें कोणतें स्वातंत्र्यशास्त्र सांगतें?

चवदार तळें चार-पांच एकरांचें. भोंवतालीं म्युनिसिपालिटीचे रस्ते, त्यांच्या पलीकडे स्पृश्य हिंदूंचीं व थोड्या मुसलमानांचीं घरें. तें किती जुनें, कोणी खणलें, हें कोणालाच निश्चित सांगतां येत नव्हतें. मुसलमान त्यांतून पाणी नेत, गुरेंढोरें पीत. १९२४ चा ठराव होऊन तीन वर्षें झालीं, तरी अस्पृश्यांपैकीं कोणी तेथें घागर बुडविली नव्हती. हक्काचा कागद म्युनिसिपालिटीच्या दप्तरांत होता आणि भय लोकांच्या मनांत होतें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषदेच्या जुळवाजुळवींत रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, आणि म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता. जमलेल्या हजारों लोकांना पिण्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत आणावें लागलें, आणि तेंहि ज्या गांवच्या म्युनिसिपालिटीनें तळें खुलें केल्याचें लिहून ठेवलें होतें त्याच गांवांत. दुसऱ्या दिवशीं परिषदेचे लोक रांगेनें तळ्यावर गेले, आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मागोमाग इतरांनीं घेतलें. पाठोपाठ वीरेश्वराच्या देवळांत हे लोक शिरणार अशी आवई उठली आणि परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना लाठ्याकाठ्यांनीं मारहाण झाली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनीं आसरा दिला. नंतर दहीं, दूध, गोमय व गोमूत्र यांच्या १०८ घागरी तळ्यांत ओतून तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें.

पुढें जें घडलें त्याची चर्चा कमी होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं महाड म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशीं बरोबर चार वर्षें होत होतीं. म्युनिसिपालिटीनें सभा रीतसर बोलावली, मतें मोजलीं, आणि बहुमतानें निर्णय केला. स्थानिक स्वराज्याच्या नियमांत बसणारें सारें कांहीं तेथें होतें. ज्याला ‘गांवानें ठरविलें’ एवढें पुरेसें वाटतें, त्याला यांत चूक काढतां येणार नाहीं. परंतु म्युनिसिपालिटीला तळें बहाल झालें तें त्याची राखण करण्यासाठीं, गांवांतील कोणाला पाणी पाजावें व कोणाला पाजूं नये हें ठरविण्यासाठीं नव्हे. राखणदाराला मालकाचा अधिकार कोणीं दिला? हक्क दिला असें १९२४ मध्यें म्हणणें, आणि काढून घेतला असें १९२७ मध्यें म्हणणें, या दोन्ही म्हणण्यांच्या मुळाशीं एकच गैरसमज होता. जें मंडळाचें नव्हतेंच, तें मंडळ देणार कसें आणि घेणार कसें?

म्हणूनच डिसेंबरांतल्या दुसऱ्या परिषदेंत आंबेडकरांनीं पाण्याची गोष्ट पाण्यापुरती ठेवली नाहीं. या तळ्याचें पाणी न प्याल्यानें कोणी मरत नाहीं, आपणहि इतरांसारखीं माणसें आहोंत हें सिद्ध करण्यासाठीं तेथें जावयाचें, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रसभेशीं त्यांनीं या परिषदेची तुलना केली. परिषदेला जागा देण्यास कोणी हिंदु तयार होईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थांच्या जागेंत मांडव पडला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र तहकूब करावा लागला.

तहकूब करण्याचें कारण दिवाणी न्यायालयांत होतें. १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दावा लावला, आणि दोन दिवसांनीं तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्यांचें म्हणणें दुपदरी होतें. एक तर हें तळें सार्वजनिक नाहीं, तें चौधरी तळें असून खाजगी मालकीचें आहे, आणि दुसरें, अस्पृश्यांनीं तेथें पाणी भरूं नये अशी अनादि काळापासूनची रूढि आहे. पहिला मुद्दा साधा नव्हे. खाजगी मालमत्तेवर मालकाची सत्ता, हें व्यक्तिस्वातंत्र्याच्या मताचें पहिलें कलमच. तळें खरोखर कोणाच्या परसांतलें असतें, तर प्रश्न अवघड झाला असता. आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते, आणि मनाई हुकूम सरकारचा नसून कोर्टाचा आहे, तो मोडणें उचित नाहीं, असें पाहून त्यांनीं लोकांना थांबविलें. जिल्ह्याचे कलेक्टरहि परिषदेंत येऊन तीच विनंति करून गेले. लोक तळ्याभोंवतीं मिरवणुकीनें फिरले, आणि पाण्याला हात न लावतां परतले. नऊ महिन्यांपूर्वीं ज्यांनीं मार खाल्ला होता, त्यांनीं दाखविलेला हा संयम महाडच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहावा असा आहे.

दावा दहा वर्षें चालला. महाडच्या कोर्टानें ८ जून १९३१ रोजीं तो फेटाळला, ठाण्याच्या कोर्टानें १९३३ मध्यें तोच निकाल कायम केला, आणि मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं शेवटचें अपील काढून टाकलें. तळें म्युनिसिपालिटीचें, खाजगी नव्हे. आणि कित्येक वर्षें अस्पृश्य तेथें आले नाहींत एवढ्यावरून अनादि रूढि सिद्ध होत नाहीं, असा निर्णय झाला. एक मोठा प्रश्न मात्र कोर्टानें न सोडवितां ठेवला. रूढि सिद्ध झाली असती तर ती न्याय्य ठरली असती काय? रूढिच शाबीत न झाल्यामुळें तिकडे वळण्याचें कारण पडलें नाहीं. त्याच १९३७ सालीं टिपणीस व चित्रे हे दोघेहि आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फें मुंबईच्या कायदेमंडळांत निवडून गेले.

महाड तरी पेठेचें गांव. तेथें कोर्ट होतें, परगांवचे लोक येत होते. पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांचें काय? ज्याला आपल्या गांवचा कारभार मानवत नाहीं त्यानें दुसऱ्या गांवीं जावें, असें व्यक्तिस्वातंत्र्यवादी सांगतो, आणि मोकळ्या माणसापुरतें तें खरेंहि आहे. परंतु महार वतनदार मोकळा नव्हता. तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यांत सारें कुटुंब सरकारच्या व गांवच्या चाकरीला जखडलेलें असे. गांव सोडावा तर वतन जाई, गांवांत राहावें तर पाणी तोडलें जाण्याचें भय. १९२८ मध्यें आंबेडकरांनीं कौन्सिलांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती आणणारें बिल मांडलें, तें या जखडण्याविरुद्ध होतें. प्रत्यक्ष वतनें रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. मधल्या काळांत, ऑक्टोबर १९३२ मध्यें, ग्रामपंचायतींच्या बिलावर बोलतांना त्यांनीं कौन्सिलांत या पंचायतींना विरोध केला. ज्यांना महाड आठवत होतें त्यांना त्याचें आश्चर्य वाटलें नसावें. गांव जितकें लहान तितके शेजाऱ्याचे डोळे जवळ, आणि वेगळें वागणाऱ्याला लपावयास जागा कमी.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत मसुदा सादर करतांना त्यांनीं गांवांविषयीं जे कठोर उद्गार काढले, ते पुष्कळ सभासदांना झोंबले. गांव हा राज्याचा घटक धरावा असें म्हणणारे गांधीवादी तेथें बरेच होते. मसुद्यानें गांव सोडून व्यक्ति हा घटक धरला याबद्दल त्यांनीं समाधान व्यक्त केलें. सभासदांच्या आग्रहानें त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींचें कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यांत आलें, आणि १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनीं पंचायती व नगरपालिका यांना घटनेंत पक्कें स्थान मिळालें. त्यांत अनुसूचित जातींसाठीं जागा राखून ठेवल्या गेल्या. वलंगकरांना नेमणुकीनें मिळालेली जागा शंभर वर्षांनीं निवडणुकीची झाली.

१९५० च्या घटनेंत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणावरून आडकाठी करूं नये, असें पंधराव्या कलमांत नांवें घेऊन लिहिलें आहे. कायद्यांत ‘तळें’ हा शब्द इतक्या ठळकपणें क्वचितच आला असेल. बाराव्या कलमांत ‘राज्य’ या शब्दाची व्याख्या करतांना स्थानिक मंडळेंहि त्यांत धरलीं आहेत, म्हणून मूलभूत हक्कांपुढें म्युनिसिपालिटीला दिल्लीच्या सरकारइतकेंच बंधन आहे. आणि १९३७ मध्यें हायकोर्टानें जो प्रश्न बाजूस ठेवला होता, त्याचें उत्तर तेराव्या कलमांत सांपडतें: मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्द, आणि ‘कायदा’ या शब्दांत रूढि व वहिवाट यांचाहि समावेश.