वाल

वाल : (सं. निष्पाव, हिं. सेम, गु. वाल, क. अवरे, त. अवरै, मोच्चै; शास्त्रीय नाव लॅब्लॅब पर्प्युरियस; कुल फॅबेसी). शिंबावंत कुलातील एक वेल व तिचे खाद्य बी. कोवळी शेंग, ओला दाणा, वाळलेले कडधान्य, मोड आणून सोललेली डाळिंबी आणि भरडलेली डाळ अशा पाच रूपांत वाल स्वयंपाकघरात येतो, आणि पाचही रूपांची चव वेगळी असते. महाराष्ट्रात कडवा वाल, गोडा वाल, पावटा व वरणा ही याच जातीच्या निरनिराळ्या वाणांची नावे आहेत. श्रावणघेवडा, वाघ्या घेवडा आणि राजमा मात्र अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्याच प्रजातीचे आहेत. युरोपीय जहाजांतून ते भारतात पोहोचले त्याच्या कितीतरी शतके आधीपासून वाल इथल्या ताटात आहे.

वेल अनेक मीटर वाढते. पान तीन पर्णिकांचे, फुले पांढरी किंवा जांभळी, शेंग चपटी व किंचित वाकलेली असते. बीचा रंग पांढरा, तपकिरी, तांबूस, काळा असा काहीही असू शकतो, पण त्याच्या एका कडेला उठून दिसणारी लांबट पांढरी रेघ ही ओळखीची पक्की खूण आहे. मांडवावर चढणारी वेल एकदा लावली की घरापुरत्या शेंगा महिनोन्‌महिने देते. शेतात पेरायचे वाण बुटके, झुडपासारखे असतात.

पारंपरिक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये लावलेली वेल पावसाळाभर नुसती पाने वाढवते आणि दिवाळीच्या आसपास रात्र लांबली की कळ्या धरते. म्हणून ओल्या वालाचा हंगाम देशभर थंडीचाच असतो आणि संक्रांतीच्या सुमाराला बाजारात त्याची रेलचेल असते. दिवसाच्या लांबीची ही अट सैल करण्यासाठी संशोधकांनी बरेच काम केले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ व ‘अर्का विजय’ हे झुडूपवजा वाण कोणत्याही मोसमात फुलतात. भाजीवाल्याकडे उन्हाळ्यातही वालपापडी दिसते ती अशा वाणांमुळे.

वालाचे रानटी भाईबंद आफ्रिकेत सापडतात आणि मूळ स्थानही तेच मानले जाते. तिथून तो फार लवकर भारतात आला. कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळाले असून ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील आहेत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याची नोंद ‘डॉलिकॉस लॅब्लॅब’ या नावाने केली. जुन्या मराठी शेतकी पुस्तकांत तेच नाव आढळते. २०२३ मध्ये वालाच्या जनुकसंचाचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात दोन दाण्यांच्या शेंगेचा वाल आणि चार दाण्यांच्या शेंगेचा वाल हे माणसाने स्वतंत्रपणे, दोनदा माणसाळवले असल्याचे दिसून आले. भारतातले वाल दुसऱ्या गटातले आहेत, तर पहिला गट इथिओपियापुरताच उरला आहे. गहू, तांदूळ, मका यांच्या मानाने वालावर संशोधनाचा खर्च नगण्य झाला आहे, आणि इतक्या गुणी पिकाच्या बाबतीत ही उपेक्षा खरोखर खटकणारी आहे.

लागवड : महाराष्ट्रात वालाचे खरे घर रायगड जिल्हा होय. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड या तालुक्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापून झाले की खाचरात जी ओल उरते तिच्यावरच वाल पेरतात. पुढे पाऊस नसतो, विहिरीचे पाणी बहुतेकांना देता येत नाही आणि तरीही पीक उभे राहते, कारण मुळे खोल जाऊन खालची ओल शोधतात. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र बांधून घेतात. त्यामुळे वरखताची गरज थोडीच लागते आणि पुढच्या भातालाही त्याचा लाभ होतो. जानेवारीत ओल्या शेंगा खुडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वेलीवरच कडक झाल्या की वेल उपटून खळ्यावर झोडपतात. हिरव्या पिकाला शेंगा पोखरणाऱ्या अळीचा आणि माव्याचा उपद्रव होतो. साठवणीत भुंगेरे लागतात. दाणे कडकडीत उन्हात वाळवून राख चोळून ठेवणे हा जुना आणि अजून उपयोगी पडणारा उपाय आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी ‘कोकण वाल’ या नावाचे वाण काढले आहेत. तरीही बरेच शेतकरी घरचेच बी राखून पेरतात. रायगडचा कडवा वाल आकाराने लहान, तांबूस आणि किंचित कडवट असतो. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना बाहेरून येणारा मोठा पांढरा गोडा वाल मिळमिळीत लागतो, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

पोषण : १०० ग्रॅम वाळलेल्या वालात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ६० ग्रॅम कर्बोदके, २५ ग्रॅम तंतू, २ ग्रॅमपेक्षा कमी स्निग्धांश आणि सुमारे ५ मिलिग्रॅम लोह असते. पोटॅशियमही भरपूर असते. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, ते वालात मुबलक आहे. वालात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, ती तांदूळ पुरवतो. भात आणि वालाचे बिरडे एका ताटात आले की ही दोन्ही उणी भरून निघतात, आणि तेही मांसाहाराच्या खर्चाचा अंशही न येता. तंतू जास्त असल्याने साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोट बराच वेळ भरलेले राहते. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कच्चा वाळलेला वाल मात्र खाऊ नये. त्यात सायनाइड मुक्त करणारी संयुगे, प्रथिनांचे पचन अडवणारे घटक आणि रंगीत सालीत टॅनिन असते. रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा माणसाच्या आतड्यात पचत नाहीत. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. आयुर्वेदाने निष्पावाला गुरू आणि वातकारक म्हटले आहे ते अनुभवाला धरूनच. मराठी घरांतली वाल करण्याची रीत या प्रत्येक दोषावर नेमका इलाज करते. भिजवलेले पाणी ओतून टाकले की विरघळणारे अपायकारक घटक आणि शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो. मोड आले की दाण्यातील फायटिक आम्ल घटते, म्हणजे लोह अंगी लागायला सोपे जाते, आणि वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. साल काढली की टॅनिन गेले. नीट शिजवल्यावर पचन अडवणारे घटक निकामी होतात. उरल्यासुरल्या वायूसाठी हिंग, जिरे, ओवा, आले आहेतच. ही सगळी साखळी प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघरात बायकांनी बसवली. पाककृतींच्या पुस्तकांत तिला एका ओळीत उरकतात, ते अन्यायाचे आहे.

डाळिंब्या : वाल रात्रभर भिजत घालतात, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधतात. थंडीत मोड यायला पुरा दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, उन्हाळ्यात कमी. मग ते कोमट पाण्यात टाकतात. साल सुटी होते आणि दाणा दोन बोटांत धरून दाबला की मोडासकट बाहेर निसटतो. काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे आणि एकट्याने करायचे तर कंटाळवाणे. पूर्वी घरातली सगळी मंडळी परात मध्ये घेऊन वाल सोलायला बसत. मुंबईत दादर, गिरगाव यांसारख्या बाजारांत पाण्यात ठेवलेल्या सोललेल्या डाळिंब्या विकायला असतात. त्यांचा भाव कोरड्या वालापेक्षा बराच जास्त वाटतो, पण तो सोलणाऱ्या हातांचा मोबदला असतो. त्यावर घासाघीस न केलेलीच बरी.

डाळिंब्यांचे बिरडे हा कोकण व मुंबईकडच्या जेवणाचा मानबिंदू आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत श्रावणी सोमवारचा उपास सोडताना ते लागतेच. तिथे नारळाच्या दुधाचा अंगरस असतो. पाठारे प्रभूंच्या, पाचकळशींच्या, ब्राह्मणांच्या घरी मसाला बदलतो, पण आमसूल, गूळ आणि ओले खोबरे ही त्रयी सहसा सुटत नाही. वालाचा किंचित कडवटपणा, आमसुलाचा आंबटपणा आणि गुळाची गोडी यांचा तोल हीच बिरड्याची परीक्षा. दाणा बोटाने दाबला तर पीठ व्हावा, पण रश्श्यात अख्खा दिसावा. त्यामुळे प्रेशर कुकर इथे कामाचा नाही. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवरच डाळिंब्या शिजवाव्यात आणि ढवळण्याऐवजी पातेले हलवावे. याच डाळिंब्या तांदळाबरोबर परतून खिचडी किंवा डाळिंबी-भात होतो. किनाऱ्यावरच्या घरांत ओल्या शेंगांच्या भाजीत सोडे किंवा सुकट पडते आणि भाजीचा नूरच पालटतो.

घाटावर तोच मान पावट्याला आहे. ओल्या पावट्याची आमटी, पावटा घातलेला मसालेभात, वांगे-पावट्याची रस्साभाजी हे हिवाळ्याचे नेहमीचे जेवण. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरे यांच्या सोबत पावटा किंवा वरणा हवाच, आणि वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

पोपटी : रायगडच्या थंडीतला हा सामुदायिक बेत. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला पसरतात. त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, खाणारे असतील तर मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, असे थर देतात. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके शेतात पालथे ठेवतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करतात. आत पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नसतो. शेंगा आणि पाला यांच्या अंगच्या ओलीची वाफ होऊन सगळे अर्ध्या-पाऊण तासात शिजते आणि भांबुर्ड्याचा उग्र, रानटी वास दाण्यात मुरतो. हा पाला नसेल तर पोपटी करू नये, इतका तो महत्त्वाचा. भाताची कापणी झालेली, वाल भरलेला, रात्री गार आणि रान मोकळे, हे सगळे जुळते ते डिसेंबर ते फेब्रुवारीतच. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे मडक्यातच भाजलेले ‘उबाडियु’ मिळते. पोपटी आणि उबाडियु ही एकाच पट्ट्यातली भावंडे आहेत. सुरतेचा उंधियु सुरती पापडीवाचून, म्हणजे वालाच्याच शेंगेवाचून, होत नाही, फक्त तो आता बहुतेक ठिकाणी चुलीवर भरपूर तेलात शिजतो.

कर्नाटकात ओल्या अवऱ्याचे वेड महाराष्ट्रापेक्षा काकणभर जास्तच. शेंगेच्या सालीवर तेलकट, सुगंधी द्रव सुटतो आणि गिऱ्हाईक शेंग नाकाला लावूनच माल निवडते. दाणे भिजवून, चिमटीत दाबून सोललेल्या ‘हितकिद बेळे’ची आमटी करतात. बेंगळुरूत जानेवारीच्या सुमाराला भरणाऱ्या अवरे मेळ्यात डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात हा दाणा घालतात. केन्यात किकुयू लोक काळ्या बीच्या वालाला ‘न्जाही’ म्हणतात आणि बाळंतिणीला तो आवर्जून खाऊ घालतात. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथातही निष्पाव दूध वाढवणारा सांगितला आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकाच दाण्याबद्दल हाच विश्वास धरावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाने केन्यातून नेलेला ‘रोंगाई’ हा वाण मात्र गुरांच्या चाऱ्यासाठी वाढवला.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि पुढे १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरवला. तूर, हरभरा, मूग यांना त्याने थोडे तरी व्यासपीठ मिळाले. वालाची गणना सरकारी आकडेवारीत बहुधा ‘इतर कडधान्ये’ या रकान्यात होते. रायगडात भातखाचरे बिनशेती होत चालली आहेत आणि खाचर गेले की त्यातला वालही जातो, कारण तो दुसऱ्या कुठल्या जमिनीसाठी निवडून आलेला नाही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भारतीय किराणा दुकानांत गोठवलेला सुरती लिलवा आणि पाकीटबंद वाल मिळतो. कडवा वाल मात्र गावाहून येणाऱ्यांच्या सामानातूनच जास्त करून पोहोचतो. विकत घेताना तांबूस, एकसारखा, सुरकुती नसलेला दाणा पाहावा आणि त्याच वर्षीचा मागावा. जुना वाल भिजायला वेळ घेतो, त्याला मोड अर्धवट येतात आणि कितीही शिजवला तरी मधला भाग दाताखाली कचकचतो.