गोदातीरावरील पंजाब : नांदेडच्या दख्खनी शिखांची दोन शतके

मराठवाड्यात स्थलांतर हा शब्द उच्चारला की गाव सोडून निघालेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. १९७२ च्या दुष्काळात नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत जाऊन स्थिरावली, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची बुद्धवंदना, त्यांचे जयंतीचे उत्सव व त्यांची गाणीही तेथे गेली. या जाण्याविषयी आपल्याकडे थोडेबहुत लिहिले गेले आहे. परंतु याच भूमीत बाहेरून येऊन, येथलेच होऊन राहिलेल्यांचा इतिहास मात्र आम्ही फारसा वाचत नाही. नांदेडचे दख्खनी शीख हे अशा आलेल्यांचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या दोन शतकांच्या वाटचालीचा येथे विचार करावयाचा आहे.

आमच्या वाचकांस शीख समाज अपरिचित नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेस उपस्थित राहिले होते. मुंबईत माटुंग्याला १९३७ साली उभे राहिलेले खालसा महाविद्यालय हेही त्याच काळातील घडामोडींचे फळ. या कारणाने शिखांविषयी आपल्याकडे जी काही चर्चा झाली ती सर्व पंजाबच्या शिखांना समोर ठेवून झाली. गोदावरीच्या काठी, आपल्याच जिल्ह्याच्या गावी राहणारा शीख त्या चर्चेत आला नाही.

खरे पाहता दख्खन आणि पंजाब यांच्यातील पहिली ये-जा उलट दिशेने झालेली आहे. परंपरेनुसार नरसी गावी, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यात, जन्मलेले शिंपी जातीचे नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात कबीर व रविदास यांच्या वचनांसह समाविष्ट आहेत. (एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांना हे गाव प्रथमच ठाऊक झाले.) दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथाची स्थापना केली, त्या वेळी शिर देण्यास पुढे आलेल्या पाच जणांपैकी साहिबचंद हे बिदरचे न्हावी होते. बिदर म्हणजे लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या अगदी शेजारचे गाव. पंच प्यारे म्हणून आज ज्यांना आदराने स्मरतात त्यांच्यात एक माणूस आपल्या मुलखातला, आणि तोही शूद्र गणलेल्या जातीतला, होता. ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासलेखनात जवळजवळ येतच नाही, याचे आम्हास नवल वाटते.

गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये बहादूरशहाच्या फौजेबरोबर नांदेडला आले. येथेच त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी ग्रंथसाहिबालाच पुढील गुरू मानावे असे त्यांनी सांगितल्याची शिखांची श्रद्धा आहे. गोदाकाठी मठ करून राहणारा माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला आणि बंदा सिंह या नावाने पंजाबात परतून मे १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले. म्हणजे नांदेडहून एक बंड उत्तरेकडे निघाले. मागे राहिली ती गुरूंच्या अग्निसंस्काराची जागा. तिची निगा ठेवणारे थोडे शीख तेथे राहिले असावेत. पण वस्ती म्हणावी अशी वसाहत होण्यास आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

ही वसाहत भक्तांची नव्हे, पगारी शिपायांची होती. निजामाचा प्रभावशाली मंत्री चंदुलाल हा मूळचा पंजाबी खत्री. १८३२ च्या सुमारास त्याच्या प्रयत्नाने महाराजा रणजितसिंहांच्या राज्यातून शीख स्वारांचे एक दल हैदराबादेस आले. ‘लाहोरी फौज’ हे त्याचे लोकप्रसिद्ध नाव. सुमारे १२०० शिपाई होते असे सांगितले जाते. हैदराबादेजवळ बरंबाळा येथे त्यांचा तळ पडला, आणि वसुली, बंदोबस्त, तुरुंग व खजिन्याचा पहारा अशा कामांवर ते संस्थानभर पांगले. याच सुमारास, १८३२ ते १८३७ या काळात, रणजितसिंहांच्या खर्चाने नांदेडच्या जागेवर आजचा गुरुद्वारा उभा राहिला. फौज आणि मंदिर ही दोन्ही एकाच वेळी आली हे लक्षात घ्यावे. नुसती फौज आली असती तर ती दोन पिढ्यांत येथल्या समाजात विरून गेली असती, असे आमचे मत आहे. निजामाच्या पदरी अरब आले, रोहिले आले. त्यांची वेगळी ओळख सर्वत्र सारखी टिकली नाही.

शिपायांबरोबर बायका फारशा आल्या नाहीत. त्यांनी येथल्याच स्त्रियांशी लग्ने केली. अमृत देऊन त्यांना पंथात घेतले. येथे इतिहासकाराने थोडे थांबले पाहिजे. ज्या मुलांना आपण दख्खनी शीख म्हणतो त्यांच्या आद्य माता पंजाबच्या नव्हत्या. त्यांनी पंजाब कधी पाहिला नव्हता, पाहण्याचा संभवही नव्हता. मराठी वा तेलुगू बोलणाऱ्या या स्त्रियांनी केस राखणारी, कडे घालणारी, ग्रंथापुढे माथा टेकणारी मुले वाढवली. बाप महिनोन् महिने बंदोबस्तावर असे. तेव्हा दख्खनेत शीख परंपरा जपली कोणी, या प्रश्नाचे उत्तर घरातल्या या परक्या म्हणविल्या गेलेल्या स्त्रियांनी, असेच द्यावे लागते. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. फौजेच्या कागदांत शिपायाचा पगार सापडतो, घोडा सापडतो, बायको सापडत नाही.

भाषेचे जे झाले ते याच कारणाने झाले. पंजाबी ही या घरांची मातृभाषा राहिली नाही. मातेचीच ती भाषा नव्हती. घरात दख्खनी हिंदी, बाजारात मराठी, तेलंगणाच्या बाजूस तेलुगू, संस्थानच्या कचेरीत उर्दू, अशी वाटणी झाली. गुरुमुखी मात्र सुटली नाही. मुलाने गुरुद्वाऱ्यात बसून लिपी शिकावी, पाठ म्हणावा हा रिवाज चालू राहिला. बोलीभाषा गेली, ग्रंथभाषा राहिली. पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूला हे विचित्र वाटते. जपजी अस्खलित म्हणणारा माणूस त्याच्याशी पंजाबीत दोन वाक्ये धड बोलू शकत नाही, म्हणून तो त्याला कमी प्रतीचा शीख समजतो. आमच्या वाचकांना यात विचित्र काही दिसणार नाही. नांदेड-लातूरच्या प्रत्येक वस्तीत त्रिसरण आणि पंचशील पालीत म्हटले जाते आणि म्हणणाऱ्याची घरची भाषा मराठी असते. त्यामुळे कोणी कमी प्रतीचा बौद्ध ठरत नाही.

अशी उदाहरणे या देशाला नवीन नाहीत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंदाने गाभ्याचे द्वार दिले. इरिल हे नाव येथले नव्हे. चिट आणि चंद ही येथली नावे. पण नाव येथले झाले तरी तिघांनीही स्वतःस यवन म्हणविले. नाशिकच्या लेण्यांतील उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरीचा योनक इंद्राग्निदत्त आणखी पुढचा टप्पा दाखवितो. त्याचा पिता धम्मदेव, पुत्र धम्मरक्खित. तीन पिढ्यांत एकही नाव परके नाही, तरी आपण योनक आहोत व कोणत्या गावचे आहोत हे दगडावर कोरून ठेवावेसे त्याला वाटले. धर्म, नाव आणि भाषा बदलली तरी मूळ गावाचा उच्चार मागे उरतो. दख्खनी शिखांच्या बाबतीत क्रम वेगळा लागला. त्यांचा धर्म व नाव टिकले, भाषा गेली. आणि ज्या गावाचा उच्चार करावा ते लाहोर १९४७ नंतर परदेशात गेले.

परंपरा जपणे म्हणजे नेमके काय जपणे, हा प्रश्न नांदेडात विशेष तीव्र आहे. येथे ग्रंथसाहिबाच्या जोडीला दसम ग्रंथाचेही आसन असते. दिवे ओवाळून आरती होते. शस्त्रांना गंध लागते, दसऱ्याला व होळीला ‘हल्ला’ निघतो, गोदावरीचे पाणी घागरीने आणून तख्ताची सेवा होते, दिवाळीच्या सुमारास शस्त्रे धुऊन तख्तस्नान होते. पंजाबात यांतील बरेचसे आज दिसत नाही. तेथे १८७३ पासून सिंग सभांची चळवळ सुरू झाली, १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारे महंतांच्या हातून सुटले, आणि १९४५ मध्ये शिरोमणी समितीने मान्य केलेल्या आचारसंहितेने हिंदू वळणाचे विधी दूर सारले. निजामाचे राज्य इंग्रजी मुलखाच्या बाहेर असल्याने हा वारा नांदेडपर्यंत पुरता आलाच नाही. म्हणून हजुरी शीख म्हणतात, रणजितसिंहांच्या काळची मर्यादा आम्हीच राखली; पंजाबचे सुधारक म्हणतात, दख्खनेत राहून तुम्ही तेथल्या देवळांचे अनुकरण केले. दोहोंतही तथ्य असावे. घर सोडून गेलेला माणूस निघाल्या दिवसाचे घर मनात धरून बसतो. मागे राहिलेले घर मात्र बदलत असते. परंतु जे जुने ते शुद्ध, हा दावा आम्हास मान्य करवत नाही. सुधारणा ही ज्या समाजाची गरज आहे तेथे जुनेपणाला प्रमाणपत्र मानता येत नाही.

एका बाबतीत तर हे जपणे आपल्या डोळ्यांत सलते. नांदेड परिसरात दख्खनींखेरीज सिकलीगर आणि बंजारा शीखही आहेत. सिकलीगर म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे. गुरूंच्या सैन्याची शस्त्रे आम्हीच घडविली असे ते अभिमानाने सांगतात. तलवारीचा काळ संपला आणि त्यांच्या हाती कढया, विळे व कुलपे आली. लंगरात सर्व एका पंगतीस बसतात. सोयरीक मात्र सहसा आपापल्या गटातच होते. बिदरच्या न्हाव्याला पंच प्याऱ्यांत बसविणाऱ्या पंथाच्या वारसदारांना हे कसे पटते, हा प्रश्न त्यांच्याच तरुणांनी विचारावयास हवा.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले आणि शिपाईगिरीचा पिढीजात आधार गेला. उरला तो गुरुद्वारा व त्याच्या जमिनी. त्यामुळे व्यवस्थापनाचा प्रश्न हा दख्खनी शिखांच्या दृष्टीने केवळ धार्मिक राहिला नाही. १९५६ च्या हैदराबाद कायद्याने १७ जणांचे मंडळ नेमले. त्यात अमृतसरच्या शिरोमणी समितीचे ४, नांदेडच्या हजुरी खालसा दिवाणाचे ४ आणि मराठवाड्यातील शिखांनी निवडून दिलेले ३ सदस्य, अशी प्रमुख विभागणी होती. २००८ मध्ये गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंदावले, यात्रीनिवास उठले, विमानतळाला गुरूंचे नाव मिळाले, आणि उत्तरेकडचा यात्रेकरू पूर्वी कधी नव्हता इतक्या संख्येने येऊ लागला. जुन्या कुटुंबांना आपल्याच अंगणात आपण पाहुणे झालो आहोत असे वाटू लागले तर ते समजण्यासारखे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १९५६ चा कायदा बदलून १७ पैकी १२ सदस्य शासनाने नेमावेत अशी योजना मंजूर केली. नांदेडचे शीख रस्त्यावर उतरले. शिरोमणी समितीनेही विरोध नोंदविला, आणि शासनाने ते पाऊल थांबविले. आरतीवरून व दसम ग्रंथावरून एकमेकांशी वर्षानुवर्षे वाद घालणारे अमृतसर आणि नांदेड त्या वेळी एका बाजूस उभे होते. मात्र नांदेडच्या मोर्चातील माणसांचे म्हणणे अमृतसरपेक्षा थोडे अधिक होते. तीनच जागा निवडून येणाऱ्यांसाठी का, हे ते विचारीत होते, आणि हा प्रश्न १९५६ पासूनचा आहे.